मनाला इजा झाली तर कारखान्याच्या कायद्यात काय आहे?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुमचे यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात अकरा वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, आहेत. चार महिन्यांपासून त्यांना कायमची रात्रपाळी लावली आहे, रात्री ८ ते सकाळी ८, आठवड्याचे सहा दिवस. नवा सुपरवायझर सगळ्यांदेखत आईबहिणीवरून शिव्या देतो आणि कापडात तार सुटलेली किंवा तेलाचा डाग दिसला की अर्धी हजेरी कापतो. यजमानांना झोप नाही, अन्नावर वासना नाही, हात थरथरतात. मुलांवर ओरडतात आणि मग एकटेच बसून रडतात. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या दिल्या. मालकाच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, "डोकं फिरलंय त्याचं. घरी ठेवा, बरा झाला की बघू." तुमचा प्रश्न असा: साच्यात बोट गेलं तर कायदा धावून येतो, मग मनाला इजा झाली तर सुरक्षेच्या कायद्यात काही आहे का? आणि तक्रार करायची तर कुठं?

मी चौदा वर्षं एका सूतगिरणीत सुरक्षा अधिकारी होतो आणि गेली सतरा वर्षं सोलापुरात कामगार कायद्याचा सल्ला देतो. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी एक काम, कायद्याच्याही आधीचं. यजमानांना सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं माणूस बोलायला लागतं. उत्तर हो आलं, किंवा त्यांनी नजर चुकवून विषय बदलला, तर आजच सिव्हिलला मानसोपचार विभागात घेऊन जा आणि त्यांना एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. अर्ज-बिर्ज आठ दिवसांनी झाला तरी चालेल.

आता कायदा. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये मनाच्या आजारावर वेगळं कलम नव्हतं. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या २९ व्यावसायिक आजारांची यादी होती. आपल्या सुताच्या धंद्यातला बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार, त्यात होता. आवाजाने येणारा बहिरेपणा होता. मनाचा एकही आजार नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली, तिच्या यादीतही नाही. जपानमध्ये २०१५ पासून पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला दरवर्षी ताणाची तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे तसं बंधन नाही. म्हणून "मला डिप्रेशन आलं, नुकसानभरपाई द्या" एवढ्यावर दावा उभा करायला मी तुम्हाला सांगणार नाही.

पण याचा अर्थ मालक मोकळा आहे असा नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली जुन्या अधिनियमात कलम ७-अ घातलं गेलं. कामगाराची सुरक्षा, आरोग्य आणि कल्याण सांभाळणं ही कारखान्याच्या भोगवटादाराची, म्हणजे मालकाची, सर्वसाधारण जबाबदारी आहे असं ते सांगायचं. नव्या संहितेत मालकाची ही कर्तव्यं कलम ६ मध्ये आहेत. तिथं 'आरोग्य' असा शब्द आहे, 'शारीरिक आरोग्य' असा नाही. त्याच कलमात मालकाने काय काय पुरवायचं त्यात प्रशिक्षणाबरोबर देखरेखही धरली आहे, आणि ती कामगाराची सुरक्षा नि आरोग्य राखण्यासाठी पुरेशी हवी. तुमचा सुपरवायझर करतोय ती हीच देखरेख. चालू साच्यात तुटलेली तार जोडणाऱ्या माणसाच्या पाठीमागून येऊन कुणी ओरडलं तर तो दचकतो, आणि दचकलेल्या माणसाचा हात कुठं जाईल हे साच्यावर काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शिवीगाळ हा फक्त अपमानाचा विषय नाही, यंत्राजवळ ती सुरक्षेचीही बाब होते. अर्जात ती तशीच मांडायची.

इथं मला माझी एक चूक सांगायला हवी, कारण तुम्ही तीच करण्याच्या बेतात आहात. बरीच वर्षं झाली, डबलिंग खात्यातल्या एका कामगारासाठी मी तीन पानी अर्ज लिहिला होता. त्यात 'मानसिक छळ' हे शब्द दहा वेळा तरी आले असतील, मनापासून लिहिला होता. इन्स्पेक्टर आले, त्यांनी रजिस्टरं पाहिली, चार लोकांना विचारलं, सगळे "काही नाही साहेब" म्हणाले, आणि ते गेले. त्यांचाही दोष नव्हता. 'छळ' मोजायचं कुठलंही साधन त्यांच्या हातात मी दिलं नव्हतं. त्या माणसाने नंतर नोकरी सोडली. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालतो. आजार मनाचा असला तरी तो ज्यातून आला ती कारणं बहुतेक वेळा मोजता येतात, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला कायद्यात कलम आहे. अर्ज कारणांचा करायचा. आजाराचे कागद डॉक्टर आणि ईएसआयकडे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेकडे, न्यायचे. दोन्ही एका अर्जात कोंबले की इन्स्पेक्टर म्हणतात हा डॉक्टरांचा विषय आणि डॉक्टर म्हणतात हा कारखान्याचा.

तुमच्या यजमानांचीच कारणं घेऊ. बारा तास गुणिले सहा दिवस, बहात्तर तास. कायद्याने आठवड्याची मर्यादा ४८ तास आहे, जुन्या अधिनियमात आणि नव्या संहितेतही. वरचे चोवीस तास ओव्हरटाइम, आणि त्याचा पगार दुपटीने. तीन महिन्यांचे तेरा आठवडे धरले तर ३१२ तास होतात. महाराष्ट्रात तिमाहीत ११५ तास ओव्हरटाइमची परवानगी होती. ती १४४ करायचा आणि रोजचं काम बारा तासांपर्यंत नेऊ द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. मालक "आता बारा तास कायदेशीर झाले" म्हणेल ते याच्यावरून. त्याला सांगा, आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत, आणि मोठ्यात मोठा आकडा धरला तरी तुमचे ३१२ तास त्याच्या दुपटीहून जास्त होतात. चार महिने रात्री जागून दिवसा पत्र्याच्या खोलीत, सोलापूरच्या उन्हाळ्यात, माणूस झोपणार कसा? ती झोप या तासांनी खाल्ली आहे.

मग हजेरी. वेतनाच्या कायद्यात दंडाची पद्धत ठरलेली आहे. कुठल्या चुकांना दंड होईल याची यादी आधी मंजूर करून लावलेली असावी लागते, कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका पगारात दंडाची बेरीज पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. माल खराब झाल्याची भरपाई मालक वेगळी कापू शकतो, हे मी लपवत नाही. पण त्यालाही कामगाराचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तार सुटली की जागेवर अर्धी हजेरी, हे कशातच बसत नाही. आणि अर्ध्या हजेरीचं भय माणसाला किती पोखरतं ते मी पाहिलं आहे. तेल गळतंय की काय म्हणून काही जण रात्रभर कापडावरून नजर हलवत नाहीत.

आवाजाचं तुम्ही लिहिलं नाही, पण तो असणारच. कारखान्याच्या नियमांत ९० डेसिबलला रोज आठ तासांची मर्यादा आहे. आवाज १०० डेसिबलवर गेला तर दोनच तास. धोट्याच्या साच्यांचं शेड नव्वदच्या बरंच वर असतं, आणि तिथं बारा तास! घरी आल्यावर मुलांच्या साध्या भांडणावर यजमान का भडकतात, याचं थोडं उत्तर इथं आहे. त्यांना दोष देऊ नका. कानात घालायचे प्लग मालकाने द्यायचे असतात. आवाज मोजून घ्या अशी मागणी अर्जात करता येते.

आणखी एक विचारा. रात्रपाळीत बाहेर पडायच्या दाराला बाहेरून कुलूप असतं का? १८ मे २०२५ ला याच एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. त्या आगीची कारणं हा वेगळा विषय आहे. पण त्यानंतर भलत्याच कारखान्यांतले कामगार माझ्याकडे आले होते, शेडमध्ये रात्री छातीत धडधडतं म्हणून. एकाला मी विचारलं, नेमकी भीती कधी वाटते? तो म्हणाला, "शटर खाली ओढल्याचा आवाज आला की." त्या शटरसाठी अर्ज केला, शटर रात्रभर उघडं राहायला लागलं आणि तो माणूस आजही तिथंच कामाला आहे. काम चालू असताना बाहेर पडायचा रस्ता बंद ठेवता येत नाही, त्यात वाद नाही.

मात्र दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत.

पहिली, कारखान्यात माणसं किती. १९४८ च्या मूळ अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसं असली की कारखाना धरला जायचा, नव्या संहितेत हा आकडा वीस झाला. सोलापूरच्या पूर्व भागात तुम्ही पाहिलं असेल, एकाच शेडमध्ये तीन पाट्या असतात, एक बापाच्या नावावर, एक मुलाच्या, एक सुनेच्या, आणि प्रत्येक पाटीखाली आठ-आठ माणसं. अशा वेळी वीज मीटर एक आहे का, दार एक आहे का, पगार कोण वाटतं, सुपरवायझर एकच आहे का, हे सगळं अर्जात लिहायचं. शेड खरंच लहान असेल तर फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाऊन उपयोग नाही. मग पगाराची आणि दंडाची तक्रार घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडे जावं. वेतनाचा कायदा लहान जागांनाही लागतो.

दुसरी, यजमानांना तिथं परत जायचं आहे का. हे तुम्ही ठरवू नका, मीही ठरवणार नाही. अकरा वर्षांची नोकरी आहे, ग्रॅच्युइटी साठली आहे. आजारात असताना घेतलेला राजीनाम्याचा निर्णय नंतर बोचतो. म्हणून आत्ता एवढंच पाळा, कुठल्याही कोऱ्या किंवा छापील कागदावर सही नको. "घरी ठेवा" हे मालक तोंडी बोलला आहे. उद्या तोच म्हणेल, न सांगता गैरहजर राहिला.

म्हणून ईएसआय. पगारातून कापतात असं तुम्हाला वाटतं, पण खात्री नाही. यजमानांचा ई-पहचान नंबर, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्राचा नंबर, मिळाला की लगेच कळेल. दहा माणसं आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असला की ही नोंद लागते, कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. खाजगी डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवा, पण दाखला ईएसआयच्या डॉक्टरांचाच हवा, पगाराचा लाभ त्याच्यावर मिळतो. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवस भरले असतील तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो, आणि डिप्रेशन हा त्यांच्या दृष्टीने आजारच आहे, ताप किंवा कावीळ असावी तसा. स्किझोफ्रेनिया आणि तीव्र डिप्रेशनसारखे काही मानसिक आजार दीर्घ आजारांच्या ३४ नावांच्या यादीत आहेत. त्यांना ८० टक्के दराने आणखी लांब लाभ आहे. सगळं डिप्रेशन त्यात बसत नाही, ते त्यांचे तज्ज्ञ ठरवतात. तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं कलम जुन्या ईएसआय कायद्याचं ७३ होतं. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला काढायचं नाही आणि शिक्षाही करायची नाही, असं ते सांगायचं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, म्हणून आजचा नियम ईएसआय कार्यालयात विचारून घ्या. प्रत्येक दाखल्याची प्रत मालकाला स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका. गैरहजेरीचं कारण कागदावर आलं की "न सांगता गेला" हे म्हणणं टिकत नाही.

शिव्यांचं काय? खरं सांगतो, पुरुष कामगाराला दिलेल्या शिवीसाठी कारखान्याच्या कायद्यात थेट कलम नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ आहे, शांतता बिघडावी अशा हेतूने केलेल्या अपमानाबद्दल. शिवी जातीवरून आणि चारचौघांत असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे. पण पोलीस ठाण्यात गेलं की साक्षीला उभी राहणारी माणसं तिथंच पोट भरणारी असतात, हे ध्यानात ठेवून ती पायरी सगळ्यात शेवटी ठेवा. बायकांच्या बाबतीत २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा मात्र पुढे गेला आहे. भरपाई ठरवताना तिला झालेला मानसिक आघात, वेदना आणि भावनिक क्लेश धरावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे मनाची इजा कायद्याच्या भाषेत बसवता येते. सगळ्या कामगारांसाठी तसं कलम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. ते होईपर्यंत थांबणं मात्र तुम्हाला परवडणार नाही.

अर्ज देण्याआधी मालकाला एकदा भेटा. अकरा वर्षं एका साच्यावर टिकलेला माणूस सहज मिळत नाही, हे त्यालाही कळतं. यजमानांसोबत वस्तीतलं एखादं वडीलधारं माणूस न्या, ज्या अण्णांचा शब्द मालक ऐकतो ते. मागणी दोनच ठेवा, दिवसपाळी आणि दुसऱ्या सुपरवायझरच्या हाताखाली काम. सुपरवायझरला काढा म्हणू नका, तिथं बोलणं तुटतं. 'डिप्रेशन' हा शब्द वापरायचा की नाही ते यजमानांवर सोडा. "डॉक्टरांनी रात्रपाळी बंद सांगितली आहे" एवढं पुरतं, आणि तसं चिठ्ठीवर लिहून मागा. माझ्याकडची बरीच प्रकरणं या टेबलावरच मिटली आहेत.

नाही मिटलं तर दोन अर्ज, दोन ठिकाणी. तास, आवाज, दार आणि यंत्राजवळची दमदाटी यांचा अर्ज औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या सोलापूर कार्यालयात, आणि पगार, दंड, ओव्हरटाइमचा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. नाव उघड करू नये असं वर लिहा, पण छोट्या कारखान्यात मालक ओळखतोच, हे गृहीत धरूनच अर्ज द्या. दोन-तीन सहकाऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर फार फरक पडतो. भाषा अशी ठेवा: "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रात्री ८ ते सकाळी ८ काम केले. ओव्हरटाइम दुपटीने मिळाला नाही. अमुक तीन तारखांना अर्धी हजेरी कापली, नोटीस दिली नाही." "माझ्या पतीला फार त्रास देतात" हे वाक्य खरं आहे, पण त्याची तपासणी करता येत नाही.

आणि पुरावा. कारखान्याचं रजिस्टर आठच तास दाखवेल. पहिल्या प्रकरणात हरल्यानंतर काही वर्षांनी एक बाई माझ्याकडे आल्या, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घडी घातलेलं पतसंस्थेचं कॅलेंडर घेऊन. प्रत्येक चौकोनात खालच्या कोपऱ्यात दुधाचा खाडा मांडलेला होता आणि वरच्या कोपऱ्यात नवरा घरी आल्याची वेळ. काही चौकोनांत नुसतं 'झोप नाही'. पेन बदललेली, कुठं शाई पुसट, कुठं चहाचा डाग. ते कॅलेंडर पाहून साहेबांनी मालकाला एकच प्रश्न विचारला, "रजिस्टर खरं की हे?" ओव्हरटाइमचा फरक मिळाला आणि पाळी बदलली.

तुमच्या भिंतीवर कॅलेंडर असेलच. आज रात्रीपासून यजमान घरातून निघाल्याची नि परत आल्याची वेळ त्यावर लिहा, सकाळी निघताना ते तुम्हाला फोन करत असतील तर फोनमधली कॉलची यादी पुसू नका. मागच्या चार महिन्यांचं जे आठवतं ते वेगळ्या वहीत लिहा आणि वर आजची तारीख टाका. कॅलेंडरवर मागचे चौकोन मात्र भरू नका. एकाच शाईने एका बैठकीत भरलेले चार महिने लगेच ओळखू येतात, आणि मग खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.